पॅरिसमध्ये पाहुण्याचे पान

परक्या शहरी प्रथमच गेलेल्या मनुष्यास निवाऱ्याची चिंता फार असते; पण अनुभवी प्रवासी सांगतील की, खरी अडचण निवाऱ्याची नसून जेवणाची असते. बिछाना कसाही असला तरी दिवसभर पायपीट केलेल्या मनुष्यास झोप लागते आणि सकाळी त्याची आठवणही राहत नाही. जेवणाचे तसे नाही. ज्या नगरीचे नाव खाण्यापिण्यासाठीच जगभर झाले आहे, तेथे जाऊन भिकार जेवण पदरी पडले, तर ते दुःख घरी परतल्यावर दहा वर्षे सांगण्यात येते. त्यातून मध्यम स्थितीच्या गृहस्थाजवळ दिवस मोजके आणि पैसे त्याहूनही मोजके. बरोबर कुटुंब असते, मुले भुकेलेली असतात, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंस पन्नास दारे उघडी असून प्रत्येक दारावरची पाटी आपलेच जेवण उत्तम म्हणून सांगत असते. अशा वेळी कोणत्या दाराने आत शिरावे?

हा प्रश्न भुकेइतकाच जुना असावा असे वाटते. परंतु निदान युरोपापुरते पाहता तो अवघा अडीचशे वर्षांचा आहे. चीन देशात सुंग राजवटीच्या काळी, म्हणजे बाराव्या शतकाच्या सुमारास, कैफंग व हांगचौ या राजधान्यांत मागाल तो पदार्थ आणून देणारी भोजनगृहे होती. युरोपात मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत प्रवाशाने मिळेल तेथे व मिळेल ते खावे, असाच शिरस्ता होता. निवड करण्याचे सुख आणि निवड चुकण्याचे दुःख ही दोन्ही पॅरिस शहरात एकदमच जन्मास आली. या निवडीत पाहुण्यास साहाय्य करण्यासाठी पुढे जे जे वाटाडे निघाले, तेही बहुधा तेथेच. त्या वाटाड्यांची हकीकत मनोरंजक आहे; आणि तीतून आजच्या प्रवाशासही काही घेता येण्यासारखे आहे, म्हणून ती येथे थोडक्यात सांगावयाचे योजिले आहे.

१७६० च्या आगेमागे पॅरिसला येणाऱ्या परस्थ मनुष्यापुढे दोन मार्ग असत. पहिला, ‘त्रेतर’ नावाच्या आचाऱ्याकडून जेवण विकत आणण्याचा. पण हे आचारी समारंभांचे. अख्खा भाजलेला पक्षी किंवा मांसाचा मोठा तुकडा ते विकीत, एकट्यापुरता घास विकत नसत. दुसरा मार्ग ‘ताब्ल दोत’ म्हणजे यजमानाच्या मेजावर बसण्याचा. ठरलेली वेळ, ठरलेले पैसे, एकच लांब मेज, आणि यजमान पुढे ठेवील ते अन्न. आपल्या मुंबई-पुण्याच्या जुन्या खाणावळीचे चित्र डोळ्यांपुढे आणिले म्हणजे हा प्रकार समजण्यास अडचण पडणार नाही. खाणावळीत महिनेमाल सभासदाचा मान मोठा. त्याची बसण्याची जागा ठरलेली, त्याची आवड वाढप्यास पाठ. आयत्या वेळी आलेला पाहुणा कोपऱ्यात बसतो आणि भाजी संपत आली म्हणजे त्याच्या पानावर आमटीच अधिक पडते. पॅरिसमध्येही हेच चाले. लुई-सेबास्तियँ मेर्सिए याने १७८० नंतरच्या दशकात पॅरिसचे जे विस्तृत वर्णन प्रसिद्ध केले, त्यात या मेजांची चांगलीच हजेरी घेतली आहे. मधल्या जागा नेहमीच्या गिऱ्हाइकांनी बळकाविलेल्या असतात, पदार्थ त्यांच्यापुढे ठेविले जातात, त्यांचे जबडे दमणे ठाऊक नसलेले, आणि सावकाश चावणाऱ्या परक्या मनुष्याचा तेथे निभाव लागत नाही, असा त्याच्या वर्णनाचा मथितार्थ आहे.

तथापि या व्यवस्थेचा एक गुण विसरता कामा नये. तीत फसवणुकीस वाव थोडा होता. मेजावर रोज तीच माणसे बसत; अन्न वाईट झाले तर दुसऱ्या दिवशी तीच यजमानास जाब विचारीत. पाहुण्यास मान नव्हता, पण शेजारी बसलेल्या दहा नित्याच्या गिऱ्हाइकांचा पहारा त्याला फुकट मिळत असे. पुढे मेजे वेगळी झाली तेव्हा पाहुण्याची अवहेलना थांबली आणि हा पहाराही उठला.

मेजे वेगळी करणाऱ्याचे नाव मातुरँ रोझ द शाँतुआझो. ‘रेस्टॉरंट’ हा शब्द त्या काळी जागेचे नाव नव्हता. अशक्त मनुष्यास शक्ती आणणाऱ्या मांसाच्या गाढ अर्कास तो शब्द लावीत. बूलाँजे नावाच्या एका माणसाने १७६५ साली असे अर्क विकण्याचे दुकान काढिले, मेंढीचे पाय पांढऱ्या रसात शिजवून विकले, त्यावर आचाऱ्यांच्या संघाने खटला भरला आणि तो बूलाँजेने जिंकला, अशी कथा अनेक ग्रंथांत सापडते. परंतु रेबेका स्पँग या विदुषीने पॅरिसची दप्तरे तपासून २००० साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या खटल्याचा मागमूस लागत नाही असे दाखविले आहे. दप्तरात सापडतो तो १७६६ सालचा रोझ. नाजूक प्रकृतीच्या, रात्रीचे जड जेवण न सोसणाऱ्या लोकांसाठी त्याने हे नवे गृह उघडिले. प्रकृती म्हटली म्हणजे एकाची दुसऱ्यासारखी नसते. म्हणून प्रत्येकास वेगळे मेज, भूक लागेल ती वेळ, आणि ज्याला सोसेल तो पदार्थ, अशी व्यवस्था ओघानेच आली. जे घेतले त्याचेच पैसे, ही गोष्टही त्यातूनच आली. आजाऱ्याच्या सोयीसाठी निघालेली ही युक्ती धडधाकट माणसांस अर्थातच फार आवडली. दिदेरो हा तत्त्ववेत्ता १७६७ साली अशा एका गृहात जेवून आला आणि त्याने ते सोफी व्होलाँ हीस पत्राने कळविले. जेवण चांगले पण महाग, अशी त्याची तक्रार होती. या धंद्याच्या जन्मापासून ती तक्रार त्याच्या पाठीस लागलेली आहे.

या रोझची आणखी एक करामत आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पॅरिसमधील व्यापारी व कारागीर यांची नावे व पत्ते देणारी एक पंचांगवजा पुस्तिका तो काढीत असे. परगावच्या मनुष्यास कोणता माल कोठे मिळतो हे कळावे, हा तिचा हेतू. १७६९ सालच्या पुस्तिकेत त्याने स्वतःचे नाव व पत्ता देऊन ‘पहिला रेस्टॉरंटवाला’ अशी नोंद केली; पण त्या पुस्तिकेचा कर्ताही आपणच, ही गोष्ट वाचणाऱ्यास कळण्यासारखी नव्हती. अर्थात पॅरिसच्या पहिल्या रेस्टॉरंटवाल्याने पाहुण्यांसाठी मार्गदर्शिका लिहिली आणि तीत स्वतःची शिफारस केली! वाटाड्या आणि दुकानदार यांची ही सोयरीक पहिल्या दिवसापासूनची आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

यानंतरच्या पिढीत रेस्टॉरंटे वाढली आणि श्रीमंत झाली. राज्यक्रांतीने सरदारांचे वाडे ओस पाडिले, त्यांचे आचारी रस्त्यावर आले आणि त्यांनी रेस्टॉरंटे काढिली, असे सांगण्याची पद्धत आहे. त्यात तथ्य आहे. पण सगळा उलगडा त्याने होत नाही, कारण आंत्वान बोव्हिलिए याने आपले प्रसिद्ध गृह क्रांतीपूर्वीच, १७८० नंतरच्या दशकात, उघडिले होते. १७९१ साली धंद्यांच्या संघांचे निर्बंध उठले तेव्हा वाट मोकळी झाली आणि पाले-रॉयालच्या कमानींखाली एकाहून एक झगझगीत भोजनगृहे लागली. १८०२ साली आमिएँच्या तहाने इंग्लंड व फ्रान्स यांचे युद्ध थांबले, तेव्हा इंग्रज प्रवाशांची रीघ लागली. त्यांपैकी ब्लॅग्डन नावाच्या गृहस्थाने १८०३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनात बोव्हिलिएच्या गृहातील पदार्थांची यादीच्या यादी छापून टाकिली. वर्तमानपत्राएवढ्या कागदावर किंमतींसह छापलेली ती यादी पाहून परदेशी मनुष्य थक्क होई. स्त्रिया निःसंकोचपणे सर्वांदेखत जेवावयास बसतात, याचेही त्याला मोठे आश्चर्य वाटे.

पण आश्चर्य ओसरल्यावर त्याच्या ध्यानात येई की, यादी वाचता आली तरी ती समजत नाही. पदार्थांची नावे सरदारांवरून, लढायांवरून, गावांवरून ठेविलेली. त्यावरून पानात काय पडणार याचा अंदाज कोणास येणार? तेव्हा यादी हाती आल्यावरही पाहुण्यास कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवणे भागच होते. बोव्हिलिए स्वतः ती सेवा करी. ब्रिया-सावारँ याने १८२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या रुचिशास्त्रावरील ग्रंथात त्याचे मोठे गमतीचे चित्र काढिले आहे. एकदोनदा येऊन गेलेल्या गिऱ्हाइकाचे नाव त्याला वीस वर्षांनंतरही आठवे. परभाषा त्याला धंद्यापुरत्या येत. श्रीमंत पाहुणा दिसला की हा मेजाशी येई. हा पदार्थ घेऊ नका, तो लवकर मागवा, यादीत नसलेला एक मी आपणांसाठी करवितो, असे जिव्हाळ्याने सांगे आणि ज्या तळघराची किल्ली त्याच्याच कमरेला, तेथून मद्य आणवी. पाहुण्यास वाटे, हा जणू घरचाच यजमान. मग तो यजमान अदृश्य होई, आणि बिल आले म्हणजे यजमान व दुकानदार यांतील अंतर पाहुण्यास कळून येई. बोव्हिलिए लबाड होता असे मात्र कोणी म्हणत नाही; अन्न उत्तमच असे. पण ज्याला आपल्या खर्चाने लाभ होतो त्याचा सल्ला घ्यावयाचा, तर त्या सल्ल्याची किंमतही बिलात धरावी लागते.

तेव्हा तिसऱ्या कोणाची तरी गरज उत्पन्न झाली. ती ओळखणारा ग्रिमो द ला रेनिएर (१७५८–१८३७) हा विलक्षण पुरुष होता. करवसुलीच्या मक्त्यावर गबर झालेल्या घराण्यात तो जन्मला. जन्मतःच त्याचे हात व्यंग असल्यामुळे कृत्रिम बोटांनी तो लिही व जेवी. शिक्षणाने वकील, व्यवसायाने नाट्यटीकाकार. क्रांतीनंतर ज्यांच्या हाती नवा पैसा आला पण ज्यांच्या घरी खाण्याची परंपरा नव्हती, अशा लोकांची त्याला दया आली, किंवा त्यांच्यात त्याला गिऱ्हाईक दिसले, कसेही म्हणा. आणि नाटकांवर चालविलेली लेखणी त्याने भोजनगृहांकडे वळविली. १८०३ पासून १८१२ पर्यंत त्याच्या ‘आल्मानाक दे गूर्माँ’ या वार्षिकाचे आठ भाग निघाले. त्यात पॅरिसच्या एकेका भागातून वाचकास हिंडवून, उत्तम लोणी कोठले, मिठाई कोणाची, कोणत्या गृहात मासे चांगले, हे तो नावानिशी सांगे. पाकक्रिया सांगणारी पुस्तके पूर्वी पुष्कळ होती. जेवणाऱ्याच्या बाजूने उभे राहून न्याय देणारे पुस्तक बहुधा हेच पहिले.

न्याय म्हटला की न्यायसभा आली. ग्रिमोने रसिकांचे एक पंचमंडळ स्थापिले. दुकानदारांनी आपले पदार्थ त्या मंडळाकडे पाठवावेत, मंडळाने ते चाखून मत द्यावे, आणि ते मत पुढे छापले जावे, असा क्रम ठरला. योजना सुरेख होती. पण तिच्या मुळाशी एक कीड होती. पदार्थ फुकट येत. न्यायाधीशांचे जेवण वादीप्रतिवादी पुरवीत! पदार्थ न पाठविणाऱ्याचे नाव ग्रंथात येणार कसे, आणि सढळ हाताने पाठविणाऱ्याची निंदा होणार कशी, अशी कुजबुज सुरू झाली. ज्यांची निंदा झाली ते चवताळले. १८१२ च्या भागानंतर वार्षिक बंद पडले आणि ग्रिमो खेड्यातल्या आपल्या वाड्यात जाऊन राहिला. त्याची रसिकता खरी होती, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु फुकटच्या ताटावर बसलेल्या रसिकाने खरे सांगितले तरी ते खरे वाटत नाही, हा त्याच्या उद्योगाचा शेवट झाला.

मधल्या काळात, वाटाड्याची गरजच उरू नये अशी तोड एका खाटकाने काढिली. दुव्हाल हे त्याचे नाव. १८५५ च्या सुमारास त्याने बाजारपेठेतील कष्टकऱ्यांसाठी स्वच्छ, स्वस्त असे गृह काढिले. उकडलेले गोमांस व त्याचा रस हे तेथील मुख्य अन्न. त्यावरून या गृहांस ‘बुइयाँ’ म्हणू लागले. लवकरच पॅरिसभर त्याच्या शाखा झाल्या. आत शिरताच गिऱ्हाइकास एक छापील पत्र मिळे. जो पदार्थ घेतला त्यापुढे वाढणारी बाई खूण करी, आणि जाताना त्या खुणांची बेरीज करून पैसे द्यावयाचे. सगळ्या शाखांत तेच अन्न, तेच दर. येथे अपूर्व असे काही मिळत नसे. पण फसगतही होत नसे, म्हणून मध्यम स्थितीचे परदेशी पाहुणे या गृहांस दुवा देत. १८९६ साली निघालेले शार्तिएचे बुइयाँ अद्याप चालू आहे. मेज वेगळे करण्याने जसे रोझने, तसे दर उघडे करण्याने दुव्हालने पाहुण्यास समानतेचा हक्क दिला, असे म्हणण्यास हरकत नाही. आपल्याकडे पंगतीत कोण कोणाशेजारी बसणार हे जातीने ठरत असे. मुंबईत इराण्याच्या संगमरवरी मेजाने पुष्कळांस जे दिले त्याची येथे आठवण होते. पैसे देणारा तो गिऱ्हाईक, मग तो कोणीही असो, हे तत्त्व वरवर रुक्ष दिसले तरी परक्याच्या दृष्टीने ते मोठे दयाळू आहे.

विसावे शतक उजाडले ते मोटारगाडी घेऊन. क्लेर्माँ-फेराँ येथील आँद्रे व एदुआर मिशेलिन हे बंधू रबरी टायर करीत. फ्रान्सात त्या वेळी तीन हजारही मोटारी नव्हत्या. लोकांनी प्रवास केला तर टायर झिजतील व खपतील, या साध्या हिशेबाने त्यांनी १९०० साली एक तांबडे पुस्तक काढिले. टायर कसा बदलावा, इंधन कोठे मिळेल, रात्री कोठे उतरावे, अशी त्यात माहिती. सुमारे पस्तीस हजार प्रती फुकट वाटल्या. वीस वर्षांनी आँद्रे मिशेलिन एका दुकानात गेला असता तेथे आपले पुस्तक डुगडुगणाऱ्या मेजाखाली टेकणासारखे घातलेले त्याने पाहिले, आणि फुकटच्या वस्तूस मान नाही असे ठरवून १९२० पासून त्यास सात फ्रँक किंमत लाविली, अशी गोष्ट त्या कंपनीतच सांगतात. गोष्ट काहीही असो, परिणाम मोठा झाला. जाहिराती गेल्या, पुस्तकास वाचकाचा पैसा मिळू लागला, आणि १९२६ पासून उत्तम जेवणाच्या गृहापुढे तारा छापण्यात येऊ लागला. १९३१ साली एक, दोन व तीन ताऱ्यांची श्रेणी ठरली आणि १९३३ पर्यंत ती पॅरिसलाही लागू झाली. एक तारा म्हणजे आपल्या दर्जात चांगले. दोन म्हणजे वाट वाकडी करावी असे. तीन म्हणजे त्या जेवणासाठीच प्रवासास निघावे असे.

या पुस्तकाची प्रतिष्ठा ताऱ्यांत नव्हती. तारे पूर्वीच्या प्रवासग्रंथांतही प्रेक्षणीय स्थळांपुढे छापीत. प्रतिष्ठा होती ती या नियमात की, निरीक्षकाने आपले नाव न सांगता जावे, इतरांसारखे बसावे, जेवावे, आणि बिल चुकते करून निघावे. ग्रिमोच्या पंचमंडळाची कीड या एका नियमाने काढून टाकिली. निरीक्षक कोण हे यजमानास ठाऊक नाही, तेव्हा त्याच्या पानात जे पडते तेच तुमच्याआमच्या पानात पडेल, असा भरवसा वाटू लागला.

तो भरवसाही अभंग राहिला नाही. २००४ साली एका माजी निरीक्षकाने पुस्तक लिहून, निरीक्षक फार थोडे असून पुष्कळ गृहांस ते वर्षावर्षात जात नाहीत, असा आरोप केला. कंपनीने तो नाकारिला. पुढच्याच वर्षी बेल्जियम-हॉलंडच्या आवृत्तीत, पुस्तक तयार होतेवेळी उघडलेच नव्हते अशा एका गृहाची प्रशंसा छापून आली, आणि ती आवृत्ती बाजारातून परत घ्यावी लागली. अलीकडे कित्येक देशांची व शहरांची पर्यटनमंडळे आपल्याकडे हे पुस्तक निघावे म्हणून कंपनीस पैसे देतात, हेही प्रसिद्ध आहे. निरीक्षक अजून आपले बिल देतो; पण त्याच्या प्रवासाचा खर्च कोण देतो, असा प्रश्न आता विचारण्यात येऊ लागला आहे. हजारो अनोळखी गिऱ्हाइकांची मते एकत्र छापण्याचा जो नवा प्रघात निघाला आहे, तोही निर्दोष नाही. २०१७ साली लंडनमध्ये एका लेखकाने आपल्या बागेतील झोपडीस रेस्टॉरंट म्हणून जाहीर केले, मित्रांकडून स्तुती लिहविली, आणि जेथे कधी एक ताटही वाढले गेले नव्हते ते गृह त्या शहरात पहिल्या क्रमांकास नेऊन दाखविले. रोझने १७६९ साली एकट्याने जे केले, ते आता मित्रांच्या साहाय्याने करता येते, एवढाच फरक.

पुराणप्रसिद्धीवर विसंबावे म्हटले तर तीही खात्रीची नाही. १८१४ साली पॅरिसमध्ये शिरलेले रशियन शिपाई ‘लवकर’ या अर्थाचा आपला शब्द उच्चारून जेवण मागत, त्यावरून ‘बिस्त्रो’ हे नाव पडले, असे मोंमार्त्र टेकडीवरील एका भोजनगृहाच्या भिंतीवर लिहून ठेविले आहे. शब्द मात्र लेखनात सापडतो तो १८८४ च्या सुमारास, सत्तर वर्षांनंतर. पाटी वाचून पाहुणे आत शिरतात.

मग प्रथमच पॅरिसला जाणाऱ्याने करावे काय? या सगळ्या हकीकतीवरून आम्हांस जे सुचते ते असे. प्रत्येक वाटाड्याविषयी एकच प्रश्न विचारावा: याने आपल्या जेवणाचे पैसे स्वतः दिले होते काय? हॉटेलातील कारभारी एखाद्या गृहाची फार तारीफ करू लागला तर त्यास विचारावे, तुम्ही स्वतः घरच्या माणसांस घेऊन कोठे जेवता? उत्तर बहुधा वेगळे मिळते. रस्त्यावरील पुस्तकवाला, गल्लीतील भाजीवाली, शाळेतून मुलास नेणारी आई, यांस आपल्या जाण्यायेण्याने काही लाभ नाही. म्हणून त्यांचा शब्द मोलाचा. फ्रान्सात कायद्याने प्रत्येक गृहास आपल्या दरांची यादी बाहेर लावावी लागते. ती सावकाश वाचावी, आणि फार लांब असेल तर पुढे जावे, कारण एका स्वयंपाकघरात रोज साठ पदार्थ ताजे होत नाहीत. २०१४ पासून तेथे घरच्या घरी शिजविलेल्या पदार्थापुढे छपराखाली कढई असे चिन्ह लावण्याची पद्धत सरकारने घालून दिली आहे, तीवर नजर ठेवावी. मोठ्या नावाच्या ठिकाणी जाण्याची हौस असेल तर दुपारी जावे. पुष्कळ ठिकाणी ठरीव पदार्थांचे दुपारचे जेवण रात्रीच्या मानाने पुष्कळच स्वस्त पडते.

आणि दुपारी बाराच्या पुढे एखाद्या लहानशा गृहात, आसपासच्या कचेऱ्यांतील माणसे दाटीने बसलेली, मालक त्यांस नावाने हाक मारीत आहे आणि फळ्यावर खडूने त्या दिवसाचा एकच पदार्थ लिहिला आहे, असे दृश्य दिसले तर फार विचार न करता आत शिरावे. बसावयास कोपरा मिळेल, आणि वाढणारी नेहमीच्या मंडळींकडे आधी जाईल. जावो. मेर्सिएला ज्यांचा इतका राग आला होता, ती रोजची गिऱ्हाइके येथे अजून पहाऱ्यास बसलेली आहेत.